‘सर, एवढं छापा’ : जोडीदाराने फसवलेल्या नवऱ्याने पेपरवाल्याकडे जाण्याआधी काय माहीत असावं?

शनिवारची संध्याकाळ होती. ऑफिस बंद करायच्या बेतात होतो. चाळिशीचा एक माणूस प्लास्टिकची फाईल छातीशी धरून दारात उभा राहिला. उद्यमबागेत कामाला, बायकोचं माहेर चंदगडकडचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) फाईल टेबलावर ठेवत म्हणाला, “मला काय नको बघा सर. एवढं छापा. नाव घालून छापा. गावाला कळू दे.”

आत व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्स, दोन फोटो आणि कॉलची लांबलचक यादी होती. ही यादी कुठून आणली विचारलं, तर म्हणाला, “एकाला पैसे देऊन काढली.” चहा मागवला. तो दीड तास बोलला. उठताना म्हणाला, “एवढं सलग कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं सर.”

मी ती बातमी केली नाही. तो रागावून गेला. त्याला त्या दिवशी जे नीट समजावून सांगता आलं नाही, ते आज इथं लिहितोय.

नवरे पेपरवाल्याकडे का येतात?

सीमाभागात वीस वर्षं बातमीदारी करताना असे बरेच नवरे भेटले. शिक्षक, ट्रकवाले, सुट्टीवर आलेले जवान, एक-दोन व्यापारी. प्रत्येकाची कहाणी वेगळी, पण येण्याचा रस्ता एकच. आधी भावाला सांगितलेलं असतं. भाऊ म्हणतो, “गप बस, घराची अब्रू जाईल.” मग पोलिस स्टेशन. तिथं सांगतात, “हा गुन्हा नाही, कोर्टात जा.” वकील सांगतो, वेळ लागेल. तोवर गल्लीत उलटीच चर्चा सुरू झालेली असते की हाच मारहाण करत असणार, यालाच काही जमत नसणार. मग माणसाला वाटतं, एकदा छापून आलं की आपली बाजू खरी ठरेल.

बाईने रडलं तर चार बायका जवळ येतात. पुरुषाने रडलं तर लोक नजर चुकवतात. हे दुःख खरं आहे आणि त्याची चेष्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यातले सुमारे ७२ टक्के पुरुष होते. सगळ्यांचं कारण संसार नव्हतं, पण मनातलं न बोलता कोंडून राहण्याची किंमत किती असते हे त्यातून दिसतं.

तेव्हा बोलावं, नक्की बोलावं. फक्त कुणाकडे, केव्हा आणि किती, हे नीट ठरवावं लागतं.

नानावटी प्रकरणात काय झालं होतं?

फसवला गेलेला नवरा आणि वर्तमानपत्र, ही जोडी आपल्याकडे नवी नाही. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू इतकी लावून धरली की २५ पैशांचा अंक २ रुपयांना विकला जात होता. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि पुढे राज्यपालांनी माफी दिली. ते कुटुंब शेवटी देश सोडून कॅनडाला गेलं.

या सगळ्या गदारोळात त्यांच्या तीन मुलांना रोज काय वाचावं लागलं असेल, याचा विचार फार कुणी केला नाही. अंक खपले, लोकांना विषय मिळाला. घराच्या वाट्याला काय आलं?

पोलिसांत गुन्हा दाखल होतो का?

नाही. भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ परपुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा देत होतं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते एकमताने रद्द केलं. त्या कलमात नवऱ्याची ‘संमती’ असेल तर गुन्हाच होत नव्हता, म्हणजे बायको ही जणू नवऱ्याची मालमत्ता. आणि नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर बायकोला तक्रारीचा हक्कच नव्हता. १९८५ मध्ये न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने हेच कलम टिकवलं होतं. ते रद्द करणाऱ्या पीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे कलम परत आलेलं नाही.

तीन गोष्टींत मात्र गल्लत करू नका.

एक, संबंध हा गुन्हा नाही, पण पहिलं लग्न कायम असताना दुसरं लग्न करणं गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होते. नवरा असो वा बायको, दोघांनाही.

दोन, विवाहितेला वाईट हेतूने फूस लावून नेल्याचं कलम, आताचं ८४, अजून आहे. पण बाई सज्ञान आहे आणि स्वतःच्या मर्जीने गेली असं ती सांगत असेल, तर त्याच्या जोरावर फार पुढं जाता येत नाही.

तीन, लष्कर. मराठा रेजिमेंटचं केंद्र बेळगावात असल्याने हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. २०१८ चा निकाल सैन्यदलांच्या कायद्यांना लागू नाही, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी केला. म्हणजे अशा वर्तनाबद्दल सैन्यात आजही शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. जवानाने आपली तक्रार युनिटमार्फत करावी, पेपरमार्फत नव्हे.

घटस्फोट मिळतो का?

मिळू शकतो. गुन्हा नसला तरी घटस्फोटाला ते कारण आहेच. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३ मध्ये हे पहिलंच कारण आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर लग्नानंतर एकदाही स्वेच्छेने परक्याशी संबंध आला, तरी तो आधार होतो. विशेष विवाह कायद्यात आणि ख्रिस्ती समाजाला लागू असलेल्या घटस्फोट कायद्यातही हे कारण आहे.

पण एक अट लोकांना माहीत नसते. कळल्यावर तुम्ही माफ केलं आणि पुन्हा पूर्वीसारखा संसार सुरू केला, तर कलम २३ प्रमाणे जुन्या गोष्टीवर घटस्फोट मागता येत नाही. बऱ्याच ठिकाणी ‘त्या’ तिसऱ्या व्यक्तीलाही अर्जात सहप्रतिवादी करावं लागतं. मग वाद दोघांचा राहत नाही, आणखी एक घर त्यात ओढलं जातं.

म्हणून अनुभवी वकील बहुधा दुसरा रस्ता सुचवतात, तो म्हणजे कलम १३-ब, परस्पर संमती. एक वर्ष वेगळं राहणं, मग दोघांचा एकत्र अर्ज, त्यानंतर किमान सहा महिन्यांनी दुसरा जबाब. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. यात कुणी कुणावर आरोप सिद्ध करत बसत नाही. कुणाला हे पळपुटेपण वाटेल. मी कॉमर्सचा माणूस, मला हिशेब दिसतो. आरोप सिद्ध करायला लागणारी वर्षं, वकिलाची फी, बुडालेल्या हजेऱ्या आणि मुलांचं जे होतं ते सगळं मांडलं, की संमतीचा कागद स्वस्त पडतो.

पुरावा कुठला चालतो?

फाईल घेऊन येणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

जोडीदाराशी झालेलं स्वतःचं फोनवरचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं असेल, तर ते वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून देता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी दिला. अर्थात ते खरं आहे का, कापाकापी केली आहे का, हे तपासलं जातंच. स्क्रीनशॉटची नुसती झेरॉक्स पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन जपून ठेवावा लागतो. बरेच लोक रागात फोन फोडतात आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

पैसे देऊन काढलेली कॉलची यादी ही तर उलटी गळ्यात येणारी गोष्ट. कंपनीकडची अशी माहिती खासगी माणसाला विकत घेता येत नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी असंच रॅकेट उघडकीला आणलं, तेव्हा खासगी गुप्तहेरांना अटक झाली होती. खरंच गरज असेल तर वकिलामार्फत कोर्टाला अर्ज करा, कोर्ट कंपनीकडून यादी मागवू शकतं. दुसऱ्याच्या फोनमध्ये चोरून अ‍ॅप टाकणं, पासवर्ड काढणं हेही माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसतं.

आणखी एक हट्ट असतो, “मुलाची डीएनए करा.” लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं कायदा गृहीत धरतो. बायकोवर संशय आहे एवढ्यावरून मुलाची चाचणी सरसकट करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बजावलं आहे. आई-वडिलांच्या भांडणात मूल हे पुराव्याची वस्तू नव्हे.

पोटगी द्यावी लागते का?

‘ती चुकली, मग पैसे का द्यायचे?’ हा पुढचा प्रश्न. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ प्रमाणे, म्हणजे जुन्या १२५ प्रमाणे, पत्नी ‘व्यभिचारात राहत’ असेल तर तिला पोटगी मिळत नाही. पण ‘राहत असणं’ म्हणजे ते सातत्याने चालू असणं, एखादा प्रसंग नव्हे, असा अर्थ अनेक उच्च न्यायालयांनी लावला आहे. म्हणजे घटस्फोटाला एक प्रसंग पुरेल, पोटगी नाकारायला तेवढ्याने भागणार नाही. आणि मुलांच्या खर्चाचा यात काही संबंध नाही. तो द्यावाच लागतो आणि द्यावाच.

आणि छापून आलं तर?

आता मूळ मुद्दा. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ सांगतं की या कायद्याखालची सुनावणी बंद दाराआड व्हावी आणि तिच्यासंबंधी काहीही छापू नये. उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेवढा न्यायालयाच्या परवानगीने छापता येतो. दंड फक्त १,००० रुपयांपर्यंत आहे, म्हणून हसू नका. खरा फटका पुढं आहे.

हैदराबादकडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१३ रोजी सांगितलं की जोडीदारावर निराधार, बदनामीकारक आरोप करणं ही परिस्थितीनुसार मानसिक क्रूरता ठरू शकते. त्या यादीत कोर्टातल्या अर्जांबरोबर, तक्रारींबरोबर जोडीदाराच्या नोकरी-धंद्यावर परिणाम करणाऱ्या बातम्यांचाही उल्लेख आहे. तिथं आरोप करणारी पत्नी होती, पण नियम दोघांना सारखाच. म्हणजे आरोप सिद्ध झाला नाही, तर तुम्ही छापून आणलेलं कात्रण समोरचा वकील तुमच्याच विरुद्ध लावणार.

अब्रुनुकसानीचं कलम ३५६ वेगळं. दोन वर्षांपर्यंत शिक्षा. “पण खरं आहे ना सर?” असं सगळे विचारतात. फौजदारी कायद्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. एका घरातल्या भांडणात सार्वजनिक हित दाखवणं अवघड आहे. जोडीदाराचे उघडे, खासगी अवस्थेतले फोटो पुढे पाठवले, मग ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर का असेना, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई, ६७ आणि ६७-ए या कलमांचा गुन्हा तुमच्यावर होतो. तिच्यावर गुन्हा नाही आणि तुमच्यावर आहे, अशी वेळ येते.

हे सगळं पुस्तकातून सांगत नाही. नऊ-दहा वर्षांपूर्वी मी दुसरीकडे काम करत होतो. अशाच एका नवऱ्याची कहाणी मी लिहिली. नाव घातलं नव्हतं. फक्त तालुका, त्याचा धंदा आणि लग्नाला किती वर्षं झाली तेवढं होतं. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. त्याची मुलगी तेव्हा नववीत होती. वर्गात कुणीतरी तिच्या वहीत ते कात्रण ठेवलं. पोरीने शाळा सोडली, पुढं मामाच्या गावी शिकली. बायकोला मी फोनही केला नव्हता. नंतर तिची बाजू ऐकली, तेव्हा निम्म्या गोष्टी वेगळ्याच होत्या. त्या नवऱ्याच्या वकिलाने मला कोर्टाच्या आवारात गाठून सांगितलं, “तुमच्या बातमीनं आमचीच केस पातळ केली.” चूक माझी होती. तेव्हापासून एक नियम पाळतो, दुसरी बाजू ऐकल्याशिवाय आणि मुलांचं काय होईल हे विचारल्याशिवाय अशी बातमी नाही.

संसार एका राज्यात, माहेर दुसऱ्या राज्यात

आपल्या वाचकांची ही खास अडचण. लग्न कोल्हापुरात, संसार बेळगावात, माहेर फोंड्यात. केस कुठं? हिंदू विवाह कायद्यानुसार लग्न जिथं झालं, दोघं शेवटचं एकत्र जिथं राहिले किंवा समोरची व्यक्ती जिथं राहते तिथं अर्ज करता येतो. पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथंही चालतं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात केस न्यायची तर सर्वोच्च न्यायालयातच जावं लागतं, आणि तिथं पत्नीची व मुलांची सोय बहुधा आधी पाहिली जाते. इंदूर, बडोदा, हैदराबादच्या वाचकांनाही हेच लागू.

भाषेचाही प्रश्न येतो. बेळगावच्या कोर्टात मराठी चॅट, मराठी पत्रं द्यायची तर भाषांतर लागतं. ते स्वतः करू नका, वकिलामार्फत करून घ्या. एका शब्दाचा अर्थ फिरला तरी उलटतपासणीत त्रास होतो.

गोव्याचं गणित निराळं. तिथं १९५५ चा हिंदू विवाह कायदा नव्हे, पोर्तुगीज काळातला दिवाणी कायदा आणि १९१० चा घटस्फोट कायदा चालतो. त्यातही परसंबंध हे कारण आहे, नवऱ्याचे असोत की बायकोचे. पण लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे घटस्फोटाबरोबर घर, दुकान, जमीन यांच्या वाटणीचा प्रश्नही उभा राहतो. गोव्यात लग्नाची नोंद झालेल्यांनी बेळगावच्या ऐकीव सल्ल्यावर जाऊ नये, तिथल्याच वकिलाला विचारावं.

मग बोलायचंच नाही का?

बोला. क्रम असा ठेवा.

पहिल्या आठवड्यात काहीही करू नका. ना स्टेटस, ना ग्रुपवर मेसेज, ना त्या माणसाच्या घरासमोर तमाशा. रागात उचललेला हात तुम्हाला आरोपी करतो.

एक विश्वासाचा माणूस शोधा आणि त्याला सगळं सांगा. रात्री झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

मग वकील. पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर पुरुषालाही मोफत वकील मिळतो. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशन आणि समेटाचे प्रयत्न आधी होतात, ते टाळू नका. समेट होवो न होवो, मुलं कुणाकडे राहणार याचा निकाल बऱ्याचदा तिथंच लागतो.

आणि पेपरवाला? तो शेवटी. आला तर तीन गोष्टी लक्षात ठेवून या. तुमचं, तिचं, गावाचं नाव येणार नाही. आम्ही दुसरी बाजू विचारणार. आणि केस चालू असेल तर कोर्टातलं काहीच छापणार नाही. त्यापलीकडे तुम्हाला व्यवस्थेचा जो त्रास झाला, तारखा पडत राहिल्या, मुलांची भेट मिळाली नाही, पोलिसांनी ऐकून घेतलं नाही, त्याची बातमी होते आणि ती आम्ही करतो. तुमच्या बायकोने काय केलं ही बातमी नाही, तुम्हाला मुलगी चार महिने भेटली नाही ही बातमी आहे.

तो फाईलवाला माणूस पाच महिन्यांनी परत आला. या वेळी हातात काही नव्हतं. संमतीचा अर्ज घातलाय म्हणाला. मुलगा आठवडाभर आईकडे असतो, रविवारी त्याच्याकडे. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “बरं झालं सर, तुम्ही छापलं न्हाई. पोरगं आता पेपर वाचायला शिकलंय.”

जाताना दारात थांबला. “माझं नको, पण माझ्यासारख्याला कळेल असं कायतरी लिहा की.”

ते हे लिहिलं.